पास्कूची गाबोळी

रविवारच्या मिस्साला फादर म्हणाले, "देवाच्या प्रेमाला कसलीच अट नसते." कोर्लईच्या रोझाबाईंना हे काही पटलं नाही. दुपारी फादर त्यांच्याकडे जेवायला आले, तेव्हा त्यांनी बोलूनच दाखवलं.

"अट नसली की पोरं शेफारतात, फादर. आमचा पास्कू माझ्याशी भांडून अलिबागला राहायला गेला. आता माफी मागितल्याशिवाय या घरात त्याला घोटभर पाणीसुद्धा मिळायचं नाही!"

फादरनी हसून मान डोलावली आणि तळलेल्या गाबोळीच्या वाटीकडे हात नेला. रोझाबाईंनी चटकन वाटी मागे ओढली.

"ती पास्कूची."

"आज येतोय का तो?"



"कुठला येतोय मेला! दर रविवारी शेवटी मांजरच खातं."