सात नंबरचे बूट

गोदामातल्या मावशींचा पाय चार नंबरचा, पण पोलादी टोकाचे बूट सातच्या खाली यायचेच नाहीत. मावशी टोकात चिंध्या कोंबून चालायच्या आणि दिवसातून दोनदा धडपडायच्या. “अरे, एक दिवस दात पडतील माझे,” त्या सुपरवायझरला बजावायच्या. “मग पाय वाढवा मावशी!” तो खिदळायचा. एकदा वरच्या फळीवरून नटबोल्टांचं खोकं निसटलं ते थेट मावशींच्या बुटावर. टोक पार चपटं झालं. मावशींनी हळूच पाय बाहेर ओढला, तर खोटं वाटेल, पाचही बोटं शाबूत! चेंगरल्या होत्या नुसत्या चिंध्या. “बाबा रे, आता तरी माझ्या मापाचे मागव,” मावशी सुपरवायझरला म्हणाल्या. “काहीतरीच काय मावशी! मोठा बूट होता म्हणूनच वाचलात! आता सगळ्यांनाच मोठे मागवतो.” मागवलेही. अख्खं गोदाम बदकासारखं चालतं. मावशींना मानाने दहा नंबरचे मिळाले.