पुइकाच्या भेटीला

गावरिलने तारेच्या कुंपणाला कपाळ टेकवलं आणि डोळे बारीक करून पाहिलं. नुसती झाडं. पिवळी पडलेली पानं, मधून वाहणारा ओढा, पलीकडे चढ. अस्वल कुठेच नव्हतं.

"दिसेल, काका. आहे ती इथंच," इलिंका म्हणाली. ती या अभयारण्यातली जनावरांची डॉक्टर. "इथं तिला कुणी बोलवत नाही ना. मनाला येईल तेव्हा येते."

गावरिलने पिशवी खाली ठेवली. परसातले आलुबुखार होते, एकेक निवडून घेतलेले. सकाळी निघताना शेजारच्या निकुलाईने त्याला फाटकातच गाठलं होतं. "काय रे, लेकीच्या सासरी निघालास वाटतं?" गावरिलला हसू आलं नव्हतं. त्याला ते तसंच वाटत होतं.

नगरपालिकेच्या बागेत पुइका आली तेव्हा मांजराएवढी होती. तिथली जनावरं सांभाळणाऱ्या गावरिलने तिला बाटलीने दूध पाजून वाढवलं. ती वाढत गेली, पिंजरा तेवढाच राहिला. खाली सिमेंट, वर पत्रा, मागे झोपायची कोठी. संध्याकाळी बागेचं फाटक लागलं की गावरिल हाक मारायचा. पुइका असेल तिथून उठायची आणि मुकाट कोठीत जायची. तो साखळी सोडायचा, लोखंडी दार खाली यायचं, आणि मग तो दाराबाहेर स्टूल टाकून बसायचा. बायको गेल्यावर तर तासन्‌तास बसायचा. बाजारात काय झालं, कोण आजारी आहे, कोण गेलं, सगळं दाराला तोंड लावून सांगायचा. आतून श्वास ऐकू यायचा. मूलबाळ नसलेल्या माणसाला तेवढी सोबत पुष्कळ होती.

मग बागेतला प्राणिसंग्रह बंद झाला. पुइकाला डोंगरातल्या या जंगलात न्यायचं ठरलं. ट्रक आला. लोकांनी मध ठेवला, मासे ठेवले, पण ती जागची हलेना. शेवटी गावरिलने हाक मारली. ती उठली आणि सरळ ट्रकमधल्या पेटीत जाऊन बसली.

"बघा, बापाचंच ऐकते," गर्दीत कुणीतरी म्हणालं. गावरिल सगळ्यांदेखत रडला.

वर्ष उलटलं, पण तो श्वास काही त्याला सोडेना. दिवस कलला की घराच्या भिंतीपलीकडून ऐकू यायचा. पाय आपोआप बागेकडे वळायचे. रिकाम्या पिंजऱ्यात पाला साचला होता. एकदा न राहवून त्याने हाक मारली, आणि कोठीच्या अंधारात काहीतरी सरकलं. त्याने आत डोकं घालून पाहिलं. काही नव्हतं. तरी घरी येईपर्यंत त्याच्या अंगावरचा काटा गेला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने इलिंकाला फोन केला. "ती माझी आठवण काढतेय. मला येऊ दे."

"ती बघा," इलिंका हळूच म्हणाली.

ओढ्यापलीकडे एका झाडाच्या मुळाशी माती उडत होती. मातीत अर्धं अंग घालून पुइका खणत होती. तिचे केस दाट झाले होते. खांदे भरले होते. गावरिलला क्षणभर ओळखच पटेना.

"थंडीभर झोपायला गुहा खणतेय. स्वतःची स्वतः," इलिंका म्हणाली. "मागच्या थंडीत झोपलीच नव्हती हो. ती समोरची खोली दिसतेय ना, तिच्यात नुसती उभी असायची. आम्ही दार काढून टाकलं तरी उभीच. बर्फ वितळल्यावर बाहेर पडली ती पुन्हा तिकडे फिरकली नाही."

कुंपणालगत सिमेंटची बुटकी खोली होती. तोंडाशी गवत वाढलं होतं.

"हाक मारू?" गावरिलने विचारलं.

इलिंका घुटमळली. "मारा. पण आली नाही तर मनाला लावून घेऊ नका, काका."

"माझ्या हाकेला ती आली नाही असं कधी झालेलं नाही, पोरी."

त्याने ओठ ओले केले. "पुइका!"

माती उडायची थांबली. पुइकाने डोकं वर केलं. पंजे झटकले नाहीत, वास घेतला नाही. ओढा ओलांडून ती सरळ त्याच्या दिशेने यायला लागली. गावरिलने पिशवीत हात घातला.

कुंपणापासून थोड्या अंतरावर ती वळली. त्याच्याकडे न बघता खोलीत शिरली, आतल्या भिंतीला तोंड लावून उभी राहिली आणि मान खाली घालून थांबली.

दार पडायची वाट बघत होती ती.

गावरिल तिच्या पाठीकडे पाहत राहिला. पिंजऱ्यातही रोज त्याला हीच पाठ दिसायची. पोर दमलीय, झोपायला आलीय, असं तो समजत आला होता.

"येईल बाहेर," इलिंका कुजबुजली. "थांबा जरा. गोड बोला तिच्याशी."

त्याने नाही म्हणून मान हलवली. पिशवी तिच्या हातात दिली. पावलांचा आवाज होऊ न देता तो मागे मागे सरला, पार पायवाटेच्या वळणापर्यंत, आणि एका जाड खोडाआड जाऊन उभा राहिला. तोंडावर त्याने हात दाबून धरला होता.

बराच वेळ काहीच झालं नाही. मग गवत हललं. आधी नाक बाहेर आलं, मग डोकं. तो मघाशी उभा होता त्या जागेकडे पुइकाने पाहिलं, तिथं आता कुणी नाही याची नीट खात्री करून घेतली, आणि मग ती झाडांकडे धावत सुटली.