पाचवीच्या आधी

“पाचवी पुजल्याशिवाय बाळंतीण उंबरा ओलांडत नाही,” म्हणत आत्तेसासूबाई दारातच पाट टाकून बसल्या. “लेकरू ठणठणीत आहे, मग सुई कशाला?”

“पुढच्या बाळासाठी,” वृषाली म्हणाली. “माझं रक्त निगेटिव्ह, या पोरीचं पॉझिटिव्ह. तीन दिवसांत इंजेक्शन घेतलं नाही, तर माझंच रक्त पुढच्या बाळावर उलटू शकतं. पहिलं वाचतं, पाठची दगावतात.”

बाळाला शेक देणारा सासूबाईंचा हात थबकला. त्यांचंही रक्त निगेटिव्हच होतं. वृषालीच्या नवऱ्याच्या पाठची त्यांची दोन्ही बाळं जन्मताच पिवळी पडून दगावली होती. “पाठची भावंडं खाल्लीस,” असं आत्तेसासूबाई त्याला अजून हिणवत.

सासूबाईंनी नातीला दुपट्यात गुंडाळलं.

“वन्सं, माझ्या लेकानं कुणालाही खाल्लं नाही. पाट उचला. आम्हाला तालुक्याला जायचंय.”