चर्चपाशी थांबणारी बस

पॅरिसमध्ये एक मेट्रो चुकली की पाठोपाठ दुसरी हजर, त्यामुळे वाट बघणं म्हणजे काय हे ओरियानला मुळी माहीतच नव्हतं! शाळेची हिवाळी सुट्टी तिनं ब्रिटनीतल्या खेड्यात, गाडी न चालवणाऱ्या मावशीकडे मजेत काढली आणि सोमवारी सकाळी चर्चपाशी स्टेशनला जाणाऱ्या बससाठी येऊन उभी राहिली. दुपारी पॅरिसच्या नाट्यशाळेत तिची शेवटची निवडचाचणी होती. आणि बस काही येईना.

शेवटी ट्रॅक्टरवरून चाललेले मावशीचे शेजारी रोनानकाका थांबले. "अगं पोरी, ती बस शाळेच्या पोरांची. शाळेला सुट्टी लागली की बसलाही सुट्टी."

"अहो, पण सुट्टी तर कालच संपली!"

"तुमची पॅरिसची संपली, आमची इकडची लागली. सरकार भागाभागाला पाळीपाळीनं सुट्टी देतं. सगळा फ्रान्स एकदम सुट्टीवर निघाला तर स्कीइंगच्या त्या बर्फाच्या डोंगरावर पाय ठेवायला जागा उरेल का?"

"मग तुम्ही सोडा ना मला स्टेशनवर, प्लीज!"

"ह्या खटाऱ्यावरून? उद्या पोचशील!"

ओरियानचा आवाज रडवेला झाला. "काका, मला त्या बसच्या ड्रायव्हरचं घर तरी दाखवा. मी हातापाया पडते त्याच्या."

काकांनी टोपी काढून डोकं खाजवलं. त्यांना बिचाऱ्यांना सांगवेना.

"अगं, तो पहाटेच गेला आपल्या गाडीनं. दोघंच नवराबायको, मागची सीट रिकामी... पॅरिस बघायला."