डेकवर दिवा नको

घरामागच्या लाकडी डेकवर तुळशीपाशी निरांजन ठेवलं, तोच जावई धावत आला. “आई, डेकवर दिवा नको! गांजाला कळ्या आल्यात. रात्रभर पूर्ण अंधार मिळाला नाही, तर फुलं नीट धरत नाहीत.”

पस्तीस वर्षं घाटातली एसटी चालवून ह्यांची कंबर कामातून गेली होती. गोळ्या घेऊनही झोप लागेना. इथे कॅनडात लेकीच्या घरी औषधापुरती गांजाची चार झाडं लावायला परवानगी आहे, म्हणून डॉक्टरांना विचारून जावयाने झाकणाच्या टबांत खताचं पाणी भरलं आणि झाकणांच्या भोकांत ही झाडं बसवली. ना माती, ना पंप; मुळं आपली पाण्यात सोडलेली.

“अठ्ठेचाळीस वर्षांत माझी एक संध्याकाळ चुकली नाही,” मी म्हणाले. “बाळंतीण होते तेव्हाही ह्यांच्याकडून दिवा लावून घेतला.”

“आणि तेल सांडलं म्हणून बोलणीही खाल्ली मी,” खुर्चीतून हे हसले. मग हळूच म्हणाले, “अगं, मी घाटातून सुखरूप यावं म्हणून इतकी वर्षं दिवा लावलास. आता महिनाभर माझ्यासाठी अंधार लाव.”

“तुमच्यासाठी कशाला? देवासाठी लावत होते मी.” जावयालाही ते खरं वाटलं नाही.

निरांजन उचलून मी आत देवापाशी ठेवलं, पडदा ओढला आणि बाहेर येऊन ह्यांच्याजवळ बसले. कळ्यांचा उग्र वास सुटला होता. समोरचं काही दिसत नव्हतं, पण ह्यांचा हात शोधावा लागला नाही.