खेमराजच्या अटी

"कॅमेऱ्याची अनामत भरावी लागेल," असं रायपूरचा तो माणूस म्हणाला, आणि खेमराजने त्याला चहासुद्धा संपवू दिला नाही.

"फोटो माहा, तोंड माहं, आन अनामत बी मीच भरू? निंग इथून!"

माणूस निघाला. गोंदिया स्टेशनाबाहेरच्या श्यामलालच्या हॉटेलात बसलेल्यांनी माना डोलावल्या. खेमराजने मिशीवरून बोट फिरवलं. याआधीच्या ठगाने त्याला फोटोसाठी थेट कलकत्त्याला न्यायचं कबूल केलं होतं. त्याच्याआधीचा तर त्याचं मुंडकं भलत्याच पहिलवानाच्या धडावर चिकटवणार होता. खेमराजने सगळे ओळखले होते. ठग ओळखणं हा त्याचा आता जवळजवळ धंदाच झाला होता, दुसरा नव्हताच.

केशोरीच्या खेमराजला बिडीच्या लेबलावर यायचं होतं. गोंदियात बिडीचे कारखाने जोरात होते आणि पुड्यांवर कोणाकोणाची तोंडं छापून येत. ती तोंडं बघितली की खेमराजला किळस येई. त्याच्या आजोबांनी गावचा तलाव बांधला होता आणि त्या पाण्यावर अजून अर्ध्या गावाचं धान पिकत होतं. नातवाला मात्र तलावाच्या पाळीवर माती टाकायला जाण्यात कमीपणा वाटे. तो भंडाऱ्याला मॅट्रिकला बसला होता. पास झाला होता असं कोणी म्हणत नसे.

घाई होती ती बिसरामजींमुळे. लग्नाच्या बोलण्यांत म्हातारा चारचौघांत म्हणाला होता, "पोरगी देऊ जी. पन तुमाले कोन ओळखते? मी त तुमच्या आज्याले ओळखतो." दिवाळीनंतर ते शेवटचा होकार किंवा नकार द्यायला येणार होते. त्याआधी खेमराजला अख्ख्या मुलखाने ओळखायला हवं होतं.

"दादा, घरी चाल ना," केवलराम म्हणाला. हा त्याचा मावसभाऊ. गोल तोंडाचा, सदा हसरा, अजून बिनलग्नाचा, आणि खेमराजच्या मते अजून बिनडोक. पेटी उचलायला म्हणून खेमराज त्याला सोबत आणत असे.

तेवढ्यात शेजारच्या बाकावरचा चष्मेवाला उठून आला. नाव ईश्वरदास, मुक्काम नागपूर. "तुमचं बोलणं ऐकलं. मलाही एका चेहऱ्याचा फोटो हवा आहे. तुमच्याकडून काही घेणार नाही, उलट देईन. आमचा माल असा आहे की—"

"मालाचं मले सांगू नका," खेमराजने हात वर केला. "सगळे ठग मालापासूनच सुरू करतात. माल चांगला, कंपनी मोठी. मले समदं पाठ आहे. अटी माह्या राहतील. कबूल असन त बोला."

"सांगा."

"फोटोत काडीचा फेरफार नाई. पावडर नाई, दुसऱ्याचं धड नाई. जसा हाय तसा."

"आम्हाला तसाच हवा आहे."

हे उत्तर खेमराजला पसंत पडलं. "गोंदियापासून नागपूरलोक हरेक स्टेशनावर लागला पायजे."

"लागेल."

"आन खाली माहं नाव. पूर्ण, गावासकट."

इथे ईश्वरदासने चष्मा काढला. "नाव नसलं तरी चालतं हो. आमच्याकडे बहुतेक लोक नाव नको म्हणतात."

"काऊन? चोर हाय का मी?" खेमराज सगळ्यांकडे बघून हसला. "पाहा, असं पकडाचं असते. नाव लपवलं का मंग तोंड कोनाचं, पैसा कोनाचा, कोनाले काय समजते!"

"तुमची मर्जी," ईश्वरदास म्हणाला.

मालधक्क्याच्या भिंतीपाशी, भर उन्हात फोटो निघाला. खेमराजने उसना आणलेला कोट ईश्वरदासने उतरवायला लावला. "साधा माणूस हवा. लोकांना तो आपल्यातला वाटला पाहिजे. हसू नका. घरची एखादी काळजी आठवा." खेमराजने बिसरामजी आठवले.

"छान. आता हे तुमचे भाऊ. एक फोटो यांचाही घेतो, बाजूला लागेल."

"याचा?" खेमराजला खोकला येईपर्यंत हसू आलं. "भज्यावानी दिसते हा! घ्या घ्या, माह्या बाजूले शोभून दिसन. पन याचं नाव टाकाचं नाई. नाव एकट्याचं, माहं."

"मले कायले पायजे नाव?" केवलराम म्हणाला, आणि कॅमेऱ्याकडे बघून मनापासून हसला.

ईश्वरदासने ठरल्याप्रमाणे पैसे दिले, नमस्कार केला आणि गाडीने गेला. खेमराज हॉटेलात परतून म्हणाला, "खरा मानूस असा राहते."

दिवाळी झाली. बिसरामजी छोट्या लाईनीच्या गाडीने गोंदियाला येणार होते. खेमराज तोच कोट घालून केवलरामला घेऊन स्टेशनावर गेला. फाटकाजवळ नव्याने लागलेल्या पाटीपुढे ही गर्दी! खेमराजला पाहताच ती आपोआप दुभंगली. लोक खालच्या आवाजात एकमेकांना त्याचं नाव सांगत होते. गावासकट. खेमराजची छाती फुगली.

श्यामलालने त्याचा हात हातात घेतला. "भैयाजी, इसके लिए हिम्मत चाहिए. हम तो नाम न देते."

ईश्वरदासने शब्द पाळला होता. डावीकडे खेमराज, जसा होता तसा: गालफडं बसलेली, डोळे किलकिले, तोंडावर लग्नाची काळजी. खाली नाव, गाव, आणि त्याखाली 'औषध घेण्यापूर्वी'. उजवीकडे बिननावाचा केवलराम, 'औषध घेतल्यानंतर'. दोघांच्या डोक्यावर, लांबून वाचता येईल अशा लाल अक्षरांत लिहिलं होतं: 'मर्दानी ताकदीच्या अस्सल गोळ्या'.

पाटीच्या अगदी पुढे, गाडी वेळेआधी आल्यामुळे, बिसरामजी उभे होते. त्यांनी सगळं सावकाश वाचलं. खेमराजकडे पाहिलं, पुन्हा पाटीकडे पाहिलं, मग काठीचं टोक उजव्या चित्रावर ठेवलं.

"आन हा कोन जी?" त्यांनी विचारलं. "याचं लगीन झालं का?"