डिशमधली त्वचा

नवं मलम हेमाला लागू पडेल का, हे पाहायला लॅबने तिच्याच पेशींपासून डिशमध्ये त्वचा वाढवली. मलम लावल्यावर डिशमधला सोरायसिस महिन्यात गेला. हेमाच्या अंगावरचा मात्र वाढतच होता.

"मलम तर तेच आहे. घरी काही ताण?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

हेमाने सवयीने आधी नवऱ्याकडे पाहिलं.

"छे हो, हिला कसला ताण?" श्रीनिवासने वही पुढे सरकवली. मलमाच्या वेळा, हेमाचं जेवण, झोप, बाहेर कधी गेली, परत कधी आली. येरवडा तुरुंगातल्या हजेरीनेही लाजावं इतकी चोख नोंद.

फोन वाजला म्हणून तो दाराबाहेर गेला. काचेतून त्याची पाठ दिसत होती. हेमा घाईघाईने कुजबुजली,


"मॅडम, ती डिशमधली त्वचा इथेच राहते ना? मलाही ठेवून घ्या."